एक वाढपी, सोळा पानं
बुलेटिन बोर्ड चालवायला किती मोठा कॉम्प्युटर लागायचा?

आपल्या खिशातला फोन सेकंदाला अब्जावधी गणितं करतो, तरी चार अ‍ॅप एकदम उघडली की अडखळतो. आता १९९० च्या सुमारासचा एक पीसी डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर १६ मेगाहर्ट्‌झचा, मेमरी जेमतेम एक-दोन मेगाबाइट, हार्ड डिस्क ४० मेगाबाइटची. तो अमेरिकेतल्या कुणाच्या तरी घराच्या तळघरात रात्रंदिवस चालू असे आणि त्याला सोळा टेलिफोन लाइनी जोडलेल्या असत. रात्री नऊच्या सुमारास सोळा माणसं एकाच वेळी त्यात वावरत. कुणी निरोप वाचतंय, कुणी उत्तर लिहितंय, कुणी फाइल उतरवून घेतंय. त्यातल्या बहुतेकांना आपल्याशिवाय तिथे आणखी पंधराजण आहेत हे जाणवतही नसे.

हे जमायचं कसं? आणि हौशी माणसाला स्वतःच्या खिशातून ते जमवायचं असेल तर त्याने पैसे कशावर घालवावेत? बहुतेकांचा पहिला अंदाज असतो, प्रोसेसरवर. त्या काळातही नवख्यांचा हाच अंदाज असे आणि तो बहुधा चुकत असे.

फोनवरचा सूचना फलक

बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे लोकांच्या तोंडी बीबीएस, ही घरोघरी इंटरनेट येण्याआधीची गोष्ट. एका कॉम्प्युटरला मोडेम जोडायचा आणि मोडेमला टेलिफोनची लाइन. दुसरा माणूस आपल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरला फोन लावणार. दोन्हीकडचे मोडेम अक्षरांचं रूपांतर आवाजात आणि आवाजाचं पुन्हा अक्षरांत करणार. आत शिरलेला माणूस इतरांचे निरोप वाचू शके, आपला निरोप ठेवू शके, प्रोग्रॅम नेऊ-आणू शके. हे सगळं सांभाळणाऱ्या मालकाला ‘सिसऑप’ म्हणत.

पहिला सार्वजनिक बीबीएस शिकागोत सुरू झाला. जानेवारी १९७८ मध्ये तिथे प्रचंड हिमवादळ झालं, लोक घरात अडकले आणि त्या सक्तीच्या सुटीत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोघा हौशी मित्रांनी काम हाती घेतलं. क्रिस्टेन्सनने प्रोग्रॅम लिहिला, सूसने यंत्र जुळवलं. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांचा ‘सीबीबीएस’ लोकांसाठी खुला झाला. लाइन मात्र एकच. एकजण आत असला की बाकीच्यांना एंगेज टोन.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी घरगुती टेलिफोनचं महिन्याचं भाडं ठरलेलं असे आणि लोकल कॉल कितीही वेळ चालला तरी जास्तीचे पैसे पडत नसत. बीबीएस फोफावले ते याच्या जोरावर. पण त्याची दुसरी बाजू अशी की आत शिरलेल्याला बाहेर पडायची घाई नसे. म्हणून बोर्ड लोकप्रिय झाला की सिसऑपसमोर पहिला प्रश्न उभा राही तो लाइनींचा. यंत्राचा विचार त्यानंतरचा.

किती लाइनी पुरतील?

अंदाजाने चार किंवा आठ लाइनी घेऊन टाकण्याची गरज नव्हती. या प्रश्नाचं उत्तर कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ मध्येच देऊन ठेवलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किती तारा ठेवाव्यात, हा त्याचा प्रश्न. बीबीएसचा प्रश्न अगदी तोच.

आधी गर्दी मोजायची. सर्वांत गजबजलेल्या तासात नऊ माणसं फोन करतात आणि प्रत्येकजण सरासरी वीस मिनिटं आत राहतो असं धरू. एकूण मागणी १८० मिनिटांची, म्हणजे तीन तासांची, आणि ती एका तासात भागवायची आहे. या मागणीला ‘तीन एर्लांग’ म्हणतात. मग तीन लाइनी पुरतील का? पुरणार नाहीत, कारण माणसं रांगेत ठरवून येत नाहीत. कधी पाचजण एकदम येतात, कधी दहा मिनिटं कुणीच येत नाही. एर्लांगच्या सूत्रात आकडे घातले की असं चित्र दिसतं:

- ३ लाइनी: १०० पैकी सुमारे ३५ जणांना एंगेज टोन
- ४ लाइनी: सुमारे २१ जणांना
- ५ लाइनी: सुमारे ११ जणांना
- ६ लाइनी: सुमारे ५ जणांना
- ८ लाइनी: एकापेक्षाही कमी

सहाव्या लाइनीपर्यंत प्रत्येक नवी लाइन भरपूर काम करते. त्यापुढे पैसा तेवढाच जातो, फायदा मात्र आटत जातो. आणखी एक गंमत अशी की मागणी दुप्पट, म्हणजे सहा एर्लांग झाली तर बारा लाइनी लागत नाहीत. दहा लाइनींत एंगेज टोन चार टक्क्यांच्या आसपास राहतो. गर्दी जितकी मोठी, तितकी एकाची रिकामी जागा दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची शक्यता जास्त. प्रत्यक्षात चित्र थोडं वाईट असतं, कारण एंगेज लागला की माणूस पुन्हा पुन्हा फोन फिरवत बसतो आणि सूत्राला हा हट्टीपणा ठाऊक नाही.

या गणितातून एक फुकटचा उपायही निघतो. मागणी म्हणजे माणसं गुणिले मिनिटं. म्हणून प्रोग्रॅममध्ये ‘एका कॉलला कमाल इतकी मिनिटं’ अशी मर्यादा घातली आणि सरासरी मुक्काम वीस मिनिटांवरून दहावर आला, तर मागणी निम्मी होते. तेवढ्याच सेवेसाठी लाइनीही बऱ्याच कमी लागतात. जवळपास प्रत्येक बीबीएसवर वेळेची मर्यादा असे, ती यासाठी.

कुठला नंबर मोकळा आहे, हे लोकांनी शोधत बसू नये म्हणून टेलिफोन कंपनीकडून सगळ्या लाइनींचा एक गट करून घेत. लोकांना नंबर एकच सांगायचा. पहिली लाइन व्यग्र असली की कॉल आपोआप दुसरीवर, दुसरी व्यग्र असली की तिसरीवर. हा तपशील पुढे मोडेम निवडताना कामी येणार आहे.

वाढप्याला वेळ कुठून मिळतो

आता सोळा लाइनी आणि एक प्रोसेसर. लग्नाच्या पंगतीत सोळा पानांवर एकच वाढपी असतो. तो सोळाजणांना एकाच क्षणी वाढत नाही. एका पानावर भात टाकतो, पुढे सरकतो, शेवटच्या पानापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्याकडे येतो. तोवर पहिल्याचा भात संपलेला नसतो, म्हणून त्याला वाटतं वाढपी आपल्यापाशीच उभा आहे. सगळा खेळ वाढण्याचा वेग आणि जेवण्याचा वेग यांतल्या फरकावर चालतो.

बीबीएसवर हा फरक अफाट होता. हात बसलेला माणूस मिनिटाला दोनशेच्या आसपास अक्षरं टाइप करतो, म्हणजे सेकंदाला तीन-चार. १६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतो. माणसाचं एक बोट उचलून दुसरं टेकेपर्यंत त्याच्या हाती जवळपास ४८ लाख ठोके असतात.

वाचणाऱ्याचंही तेच. त्या काळच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत, म्हणजे पानभर मजकूर १,९२० अक्षरांचा. फोनवरून एका अक्षराला आठ बिट आणि पुढे-मागे एकेक खुणेचा बिट असे दहा बिट लागतात. म्हणून २,४०० बिटांचा मोडेम सेकंदाला २४० अक्षरं पाठवतो आणि ते पान भरायला आठ सेकंद घेतो. सुरुवातीच्या ३०० बिटांच्या मोडेमवर तेच पान भरायला एक मिनिटाहून जास्त लागे. पान तयार करण्याचं प्रोसेसरचं काम त्याआधीच केव्हाच संपलेलं असायचं.

म्हणूनच इंटेलच्या २८६ प्रोसेसरचे साधे पीसी अनेक लाइनी सांभाळू शकले. पंगतीला त्रास देतो तो न थांबता जेवणारा. फाइल उतरवून घेणारा माणूस वाचत नाही, विचार करत नाही, त्याचं पान सतत रिकामं होत असतं. मोडेम वेगवान झाले तशी अशा पाहुण्यांची भूक वाढली आणि अडचण अनपेक्षित ठिकाणी निघाली.

एकेका अक्षरासाठी हाक

मोडेम आणि प्रोसेसर यांच्यामध्ये सिरियल पोर्टवर एक छोटी चिप असते. तिला ‘यूएआरटी’ म्हणतात. तारेवरून एकामागून एक येणारे बिट गोळा करून त्यांचं अख्खं अक्षर बनवायचं, आणि जाणाऱ्या अक्षराचे बिट सुटे करायचे, एवढंच तिचं काम. आयबीएमच्या पहिल्या पीसीत ही चिप ८२५० नावाची होती. तिच्यात आलेलं एकच अक्षर ठेवायची जागा होती.

अक्षर तयार झालं की चिप प्रोसेसरला हाक मारते. या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, कुठे थांबलो त्याची नोंद करतो, हाक कुणाची ते पाहतो, अक्षर उचलतो आणि पुन्हा मूळ कामावर येतो. पुढचं अक्षर पूर्ण व्हायच्या आत त्याने हे केलं नाही, तर आधीचं अक्षर कायमचं गेलं. २,४०० च्या वेगाला दोन अक्षरांमध्ये चार मिलिसेकंदांचा अवकाश असतो. तेवढा भरपूर. मोडेम आणि पीसी यांच्यातला वेग ३८,४०० केला की हा अवकाश पाव मिलिसेकंदावर येतो. नेमक्या त्याच वेळी प्रोसेसर डिस्कच्या कामात गुंतलेला असला की अक्षरं गळतात.

जाणाऱ्या अक्षरांचं तसं नाही. तिथे प्रोसेसरला उशीर झाला तर अक्षर हरवत नाही, फाइल फक्त रेंगाळते. पण दर अक्षराला हाक तिथेही असतेच. एका हाकेचा सगळा सोपस्कार ५०० ठोक्यांचा धरू. १४,४०० बिटांचा मोडेम खुणेचे बिट गाळून, दाबून लहान केलेल्या फाइलची सेकंदाला साधारण १,६०० अक्षरं पाठवतो. अशा सोळा लाइनी म्हणजे २५,६०० अक्षरं आणि १ कोटी २८ लाख ठोके. १६ मेगाहर्ट्‌झच्या यंत्राची ऐंशी टक्के ताकद नुसत्या हाकांना ओ देण्यात संपली.

नवखा सिसऑप या टप्प्यावर दुप्पट वेगाचा पीसी आणायला निघे. जाणता माणूस यूएआरटी बदलत असे.

‘१६५५०ए’ नावाच्या चिपमध्ये येणाऱ्या अक्षरांसाठी सोळा आणि जाणाऱ्या अक्षरांसाठी सोळा अशा जागा आहेत. आत येणारी चौदा अक्षरं साठेपर्यंत ती गप्प राहते, मग एकदाच हाक मारते आणि उरलेल्या जागांमुळे प्रोसेसरला यायला सवडही देते. बाहेर जाताना ती एका हाकेत सोळा अक्षरं घेते. आपल्या हिशेबात ५०० पैकी ४०० ठोके येण्या-जाण्याचे आणि १०० प्रत्यक्ष अक्षराचे धरले, तर ४०० ठोक्यांचा भार आता सोळा अक्षरांत वाटला जातो. एका अक्षरामागचा खर्च ५०० वरून १२५ वर आणि प्रोसेसरचा भार ऐंशी टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर.

ही चिप जुन्या चिपच्याच मापाची, चाळीस पायांची होती. ज्या सिरियल कार्डावर चिप खाचेत बसवलेली असे, तिथे जुनी उपटायची आणि नवी दाबून बसवायची, संपलं काम. नावातला शेवटचा ‘ए’ मात्र बघून घ्यावा लागे, कारण त्याआधीच्या साध्या १६५५० मध्ये या सोळा जागांचाच घोटाळा होता. दहा-पंधरा डॉलरच्या चिपने जे साधायचं, ते कित्येकशे डॉलरच्या नव्या मदरबोर्डानेही नीट साधत नसे.

पोर्ट चार, हाकेच्या तारा दोन

पुढची अडचण हाकेच्या तारांची. पीसी-एटी या जातीच्या पीसीत इंटरप्टच्या सोळा तारा असतात, पण घड्याळ, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्ड डिस्क यांनी त्यांतल्या बऱ्याच आधीच बळकावलेल्या असतात. चार सिरियल पोर्टांच्या वाट्याला दोनच येतात. पहिला आणि तिसरा पोर्ट चार नंबरच्या तारेवर, दुसरा आणि चौथा तीन नंबरच्या तारेवर. त्या काळच्या पीसीत दोन कार्डांना एका तारेवरून एकाच वेळी हाक मारता येत नसे. त्यामुळे दोन मोडेम सहज जोडले जात, तिसऱ्यापासून खटपट सुरू होई.

यावर उपाय म्हणजे आठ किंवा सोळा पोर्टांचं एकच कार्ड. ते एकच तार वापरतं आणि कुठल्या पोर्टाने हाक मारली, हे सांगणारी खूण स्वतःजवळ ठेवतं. यात दोन प्रकार. साध्या कार्डावर नुसत्या यूएआरटी असतात, सगळं काम पीसीच्या प्रोसेसरने करायचं. ‘हुशार’ कार्डावर, उदाहरणार्थ डिजीबोर्डच्या महागड्या कार्डांवर, स्वतःचा प्रोसेसर आणि मेमरी असते. ते अक्षरं स्वतः गोळा करतं आणि पीसीला ठोकळ्याने देतं. चार-आठ लाइनींना १६५५०ए लावलेलं साधं कार्ड पुरे. सोळा वेगवान लाइनींच्या आसपास हुशार कार्डाची किंमत वसूल होऊ लागते.

तीन घडणी, तीन खर्च

एकाच वेळी अनेकांना आत घेण्याच्या तीन रीती होत्या. कुठली रीत निवडली, त्यावर यंत्राची यादी ठरे.

पहिली रीत: एकच प्रोग्रॅम सगळ्या लाइनी सांभाळणार. कोलोरॅडोतल्या ईसॉफ्टचा ‘टीबीबीएस’ आणि फ्लोरिडातल्या गॅलॅक्टिकॉमचा ‘मेजर बीबीएस’ हे यातले नावाजलेले. हा आपला एकटा वाढपी. मेमरी कमी लागते आणि जुना पीसीही चालतो. सगळे पाहुणे एकाच प्रोग्रॅममध्ये असल्यामुळे त्यांच्या आपापसातल्या गप्पा सोप्या होतात. तोटा असा की प्रोग्रॅमच महाग, त्याला आवडीनुसार वळवणं अवघड आणि तो कोसळला की सगळे एकदम बाहेर.

दुसरी रीत: एका पीसीवर एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रती. डॉसला एका वेळी एकच काम ठाऊक होतं. पण इंटेलच्या ३८६ प्रोसेसरमध्ये एका यंत्राच्या पोटात अनेक लुटुपुटीचे जुने पीसी चालवायची सोय होती आणि ‘डेस्कव्ह्यू’ हा प्रोग्रॅम तिचा उपयोग करून घेई. प्रत्येक लाइनीला पीसीबोर्ड किंवा वाइल्डकॅट अशा बीबीएस प्रोग्रॅमची वेगळी प्रत. इथे खर्च मेमरीचा. एका प्रतीला साधारण अर्धा मेगाबाइट धरला तर चार मेगाबाइटच्या यंत्रावर चारेक लाइनी सुखाने चालत. ज्याला दोन ते चार लाइनींचाच बोर्ड चालवायचा आहे, त्याच्यासाठी ही सर्वांत परवडणारी वाट होती.

तिसरी रीत: एका लाइनीला किंवा दोन लाइनींना एक स्वस्त पीसी आणि सगळे मिळून एका फाइल सर्व्हरला जोडलेले. लोकांनी टाकून दिलेले जुने ‘एक्सटी’ जातीचे पीसी इथे कामाला येत. त्यांना मॉनिटर नको, हार्ड डिस्क नको. नोव्हेलचं नेटवेअर किंवा आर्टिसॉफ्टचं लॅन्टॅस्टिक त्यांना सर्व्हरशी जोडे. एक पीसी लटकला तरी एक-दोनच लाइनी जातात. विस्कॉन्सिन राज्यातला ‘एक्झेक-पीसी’ हा प्रचंड बोर्ड अशा पीसींच्या जाळ्यावर दोनशेहून जास्त लाइनींपर्यंत पोचला होता.

पण फुकट मिळालेला पीसी फुकट चालत नाही. एका पीसीला १०० वॅट धरा. चोवीस तासांत २.४ युनिट, वर्षाला ८७६ युनिट. असे दहा पीसी ठेवले की वर्षाची वीज ८,७६० युनिट, शिवाय खोलीत साचणारी उष्णता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. दहा नेटवर्क कार्डं आणि त्यांना ओवणारी कोअ‍ॅक्सियल केबलही सांभाळावी लागे. त्या केबलच्या टोकावरचं ५० ओहमचं टर्मिनेटर जरा सैल झालं की अख्खं जाळं बंद.

डिस्कची धावपळ

सोळा माणसं वाचत असली की डिस्कचं डोकं सोळा ठिकाणी धावतं. त्यामुळे डिस्क किती मोठी याच्याइतकंच ती किती चपळ, हे महत्त्वाचं. सीगेटची एसटी-२२५ ही २० मेगाबाइटची डिस्क फार खपली. तिचं डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला सरासरी ६५ मिलिसेकंद घेई, म्हणजे सेकंदाला पंधरा उड्या. एक निरोप दाखवायला यादी, मजकूर आणि वाचकाची नोंद अशा तीन उड्या लागल्या, तर सेकंदाला पाचच निरोप. नुसत्या वाचनाला हे पुरतं. पण कुणी हजारो निरोपांत एखादं नाव शोधायला घेतलं की बाकीचे पंधराजण ताटकळतात. १५ मिलिसेकंदांच्या आसपासची डिस्क हा त्रास चौपटीने कमी करते.

याहून स्वस्त उपाय म्हणजे जास्तीची मेमरी. वारंवार लागणाऱ्या याद्या एक-दोन मेगाबाइटच्या राखीव जागेत ठेवल्या की बऱ्याच उड्या वाचतात. फक्त लिहिण्याचं काम साठवून नंतर करण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर वीज गेली त्या क्षणी साठलेले निरोप जातात आणि कधी कधी यादीच बिघडते. म्हणूनच यूपीएस ही चैनीची वस्तू नव्हती.

सीडी-रॉम आली तेव्हा ६५० मेगाबाइट प्रोग्रॅम एका चकतीवर मिळू लागले. तिचा सेकंदाला १५० किलोबाइटचा वेग मोडेमपुढे भरपूर होता, पण उडी फार संथ. तिघांनी तीन वेगळ्या फाइली मागितल्या की ती कावरीबावरी होई. शहाणे सिसऑप मागितलेली फाइल आधी हार्ड डिस्कवर उतरवून घेत आणि मग पाठवत.

मोडेम: वेग आणि शिस्त

पीसी एकच लागतो, मोडेम लाइनीगणिक लागतात. म्हणून बजेटचा मोठा वाटा इथेच जाई. यूएस रोबोटिक्स ही मोडेम बनवणारी कंपनी सिसऑपांना मोठ्या सवलतीत मोडेम विकत असे. सिसऑपाकडे जो मोडेम, तोच त्याचे पाहुणे घेणार, हा त्यामागचा हिशेब. त्यांचा एचएसटी जातीचा मोडेम दुसऱ्या एचएसटीशीच पूर्ण वेगाने बोलत असे. १९९१ मध्ये १४,४०० बिटांचं व्ही-३२-बिस हे सर्वमान्य मानक आलं, तेव्हा कुठे ही अडचण सुटू लागली.

सगळ्या लाइनींना महागडा मोडेम लावायची गरज नव्हती. कॉल पहिल्या लाइनीपासून पुढे सरकत जातात, हे आठवत असेल. तीन एर्लांगच्या आपल्या उदाहरणात पहिली लाइन तासातली ४५ मिनिटं व्यग्र असते, सहावी जेमतेम १० मिनिटं. चांगले मोडेम पहिल्या लाइनींना आणि जुने २,४०० चे शेवटी, म्हणजे पैसे कामावर लागतात.

मोडेम घेताना वेगाआधी बघायची गोष्ट म्हणजे शिस्त. पाहुण्याने मध्येच फोन ठेवला, तर मोडेमने ते प्रोसेसरला खरंखरं कळवलं पाहिजे. त्यासाठी ‘एटी&सी१’ ही आज्ञा द्यावी लागते. ती राहून गेली तर मोडेम ‘माणूस अजून आत आहे’ असंच सांगत राहतो आणि पुढचा फोन करणारा थेट आधीच्याच्या खात्यात जाऊन पडतो, त्याच्या खासगी निरोपांसकट. उलट बाजूने, पीसीने इशारा करताच मोडेमने फोन ठेवला पाहिजे. त्यासाठी ‘एटी&डी२’. सुटा मोडेम अडला तर बटण दाबून त्याला तरी वठणीवर आणता येतं. पीसीच्या पोटातला अडला तर अख्खा पीसी बंद करावा लागतो, म्हणजे बाकीच्या पंधरा जणांनाही बाहेर काढावं लागतं.

---

चौकट: खरेदीचा क्रम

- आधी गजबजलेल्या तासातली मागणी मोजा, मग लाइनी ठरवा. वेळेची मर्यादा ही सर्वांत स्वस्त लाइन आहे.
- १ ते ४ लाइनी: ३८६, चार मेगाबाइट मेमरी, डेस्कव्ह्यू, १६५५०ए चिपचे पोर्ट.
- ८ ते १६ लाइनी: एकाच प्रोग्रॅममधून सगळ्या लाइनी. आठपर्यंत साधं कार्ड, सोळाच्या आसपास हुशार कार्ड.
- त्याहून जास्त लाइनी, किंवा हाताशी जुने पीसी: नेटवर्क. वीजबिल आधी मांडा.
- डिस्क मोठी घेण्याआधी चपळ घ्या. त्याआधी मेमरी वाढवा.
- चांगले मोडेम पहिल्या लाइनींना.
- यूपीएस आणि टेलिफोन लाइनीला विजेपासून संरक्षण यांत काटकसर नको.
- प्रोसेसर बदलायचा विचार सर्वांत शेवटी.

---

आपल्याकडे आणि आज

मुंबईतही त्या काळात हौशी लोकांनी बीबीएस चालवले. पण इथे हिशेबाचा तोलच वेगळा होता. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नाव लावून बसावं लागे, ‘ओन युअर टेलिफोन’ (ओवायटी) योजनेत आगाऊ पैसे भरूनही लाइन लगेच मिळत नसे आणि लोकल कॉलचंही मीटर ठरावीक मिनिटांनी पुढे सरकत असे. अमेरिकन सिसऑप आठवी लाइन घ्यावी का, याचा विचार करी. इथल्याला दुसरी मिळाली तरी पुष्कळ. अशा ठिकाणी मिनिटांची मर्यादा आणि दोन-तीन लाइनींना पुरणारा साधा पीसी यापलीकडे जाण्यात अर्थच नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि थोड्याच वर्षांत हा प्रश्नच मागे पडला.

आज कुणाला हौस म्हणून बीबीएस काढायचा असेल तर १९९० च्या दशकापासून चालत आलेला ‘सिंक्रोनेट’ फुकट मिळतो आणि तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवरही चालतो. मोडेम, यूएआरटी, हाकेच्या तारा हे सगळं एका नेटवर्क केबलमध्ये विरघळून गेलं आहे. डिस्कचं डोकंही उरलेलं नाही. पण एकाच यंत्रावर पुष्कळ माणसं येणार असतील तर प्रश्न अजून तेच विचारावे लागतात: गर्दी केव्हा होते, एकेकजण किती वेळ राहतो आणि सगळ्यांना कुठल्या एका अरुंद जागेतून जावं लागतं. दुकानाच्या वेबसाइटचा सर्व्हर असो की सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, ती अरुंद जागा कधी डिस्क असते, कधी मेमरी, कधी इंटरनेटची लाइन. ती सापडेपर्यंत विक्रेत्याला पैसे देऊ नयेत आणि सापडली की बहुतेक वेळा त्याने सुचवलेल्या यंत्राच्या निम्म्या किमतीत काम होतं.